कचरा डेपोजवळची विहीर आणि खालचा मातीचा थर

पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगीत कचरा डेपोमुळे विहिरींचे पाणी बिघडले आणि गावकऱ्यांना टँकरची वाट पाहावी लागली. ‘पण डेपोखाली चिकणमातीचा थर असतो ना?’ असे तुम्ही विचाराल. 2016 च्या नियमांनुसार नव्या भरावाखाली प्लास्टिकचा जाड पडदा आणि त्याखाली 90 सेंटिमीटर चिकणमाती आवश्यक होती. जुन्या डेपोंखाली बहुधा काहीच नसते.

थर असला तरी कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी, म्हणजे लिचेट, साध्या पाण्यासारखे वागत नाही. बेंटोनाइट माती फुगते, म्हणून गळती थांबते. लिचेटमधले क्षार, विशेषतः कॅल्शियम, ही फूग उतरवतात आणि पाणी खाली जाऊ लागते. (कधी जंतूंचा चिकटा छिद्रे बुजवतोही, पण त्याच्या भरवशावर कोण राहील?)

तुमची विहीर किंवा बोअर अशा जागेजवळ असेल तर पाणी नुसते उकळून भागत नाही. जंतू मरतात; नायट्रेट आणि धातू तसेच राहतात, पाणी आटले की थोडे दाटच होतात. तपासणीला देताना नायट्रेटही बघायला सांगा. लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघाले तर त्या पाण्यात बाळाची दूध पावडर कालवू नका. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटते. ओठ-नखे निळसर दिसली तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालयात न्या.