टॉवर आहे, पण तोंड कुठे?

ग्रामसभेत ठराव होतो, आमदारांचं पत्र जोडलं जातं आणि कधीतरी डोंगरावर टॉवर उभा राहतो. मग तक्रार सुरू होते : टॉवर दिसतो, रेंज नाही. मोबाईल कंपन्यांसाठी आरएफचं (रेडिओ लहरींचं) काम करताना पाटण-जावळीत हे मी कायम ऐकतो. माझं मत असं, की नुसता टॉवर मागून भागत नाही. त्यावरचं अँटेनाचं पॅनल कोणत्या बँडचं, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीचं, आणि तोंड कुठे करून, हेही मागायला हवं.

टॉवर कड्यावर बसतो, कारण रस्ता आणि वीज तिथवर असते आणि जोडणीसाठी लागणारा पुढचा टॉवरही तिथूनच दिसतो. समजा, वाडी अडीचशे मीटर खाली आणि आडव्या अंतराने सहाशे मीटरवर आहे. म्हणजे अँटेनाने जवळजवळ २३ अंश खाली बघायला हवं. दोन मीटर उंच पॅनलचा झोत ७०० मेगाहर्ट्झला उभ्या दिशेत जेमतेम दहा अंशांचा, वरच्या बँडना त्याहून अरुंद. आतल्या मोटरने तो खाली वळतो फार तर दहा-बारा अंश. त्यामुळे झोत डोक्यावरून निघून जातो, दरीपलीकडच्या पठारावर फोन खणखणीत लागतो आणि वाडीच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. दिव्याखाली अंधार!

पॅनल बनवणाऱ्यांचा हात मात्र वाखाणण्याजोगा. ७०० मेगाहर्ट्झची लहर ४३ सेंटिमीटरची, १८०० ची साधारण १७. अँटेनाचा घटक लहरीच्या सुमारे निम्म्या लांबीचा लागतो. दोन्ही बँड एकाच पेटीत बसवायचे, म्हणून तिच्यात वीतभर रुंदीचे घटक आणि त्यांच्या फटींत चार बोटं रुंदीचे. मोठे घटक छोट्यांच्या वाटेत येतात, झोत वेडावाकडा होतो. मग मोठ्यांच्या भुजांत असे चोक बसवतात, की वरच्या बँडला त्या जवळपास जाणवतच नाहीत. हा सगळा खटाटोप कशासाठी? टॉवरवर वाऱ्याचा भार वाढू नये आणि भाडं कमी पडावं म्हणून. पुण्यात हे उत्तम. जतच्या माळावरही, कारण तिथे आडवं काहीच येत नाही. पण तीच पेटी, तोच नकाशा कोयनेच्या खोऱ्यात लावला की फसतो.

जत ज्या सांगली जिल्ह्यात आहे, तिथेही सगळीकडे असा मोकळा माळ नाही. वाळवा-पलूसला ऊस डोक्यावर गेला की वरचे बँड पानांतल्या पाण्यात जिरतात. बांधावर फोन लागतो, फडात शिरलात की तुटतो. तिथे ७००-९०० च हवेत.

दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांना आपापल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागले. चांगलं झालं. पण नकाशावरचा फोर-जीचा रंग बघून बँड कळत नाही, टिल्ट (झोत किती खाली वळवलाय) तर नाहीच. हे धंद्याचं गुपित आहे असं कंपन्या म्हणतात, ते मला पटत नाही. बँड तर फुकटच्या ॲपवरही दिसतो.

ठरावात स्पष्ट लिहा : वाडीसमोरच्या उतारावर, वाडीकडे तोंड करून, ७०० किंवा ९०० चं पॅनल. त्याला उंच मनोरा लागत नाही, बेताचा खांब पुरतो. आणि जुलै २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० गावांच्या फोर-जीसाठी जे २६,३१६ कोटी मंजूर केले, त्यातला टॉवर असेल, तर त्याची तपासणी शेवटच्या घराच्या ओट्यावर फोन धरून झाली पाहिजे.