फावल्या वेळी : ढगाळ दिवसाचे छायाचित्र

सूर्य नसला की छायाचित्र काढू नये, असा समज पुष्कळ घरांत रूढ आहे. वाचकहो, माझाही तो होता, आणि त्याला कारण घडले होते. काही वर्षांपूर्वी खांदेरी बेटावरील १८६७ सालच्या दीपगृहाचे चित्र मी अशाच अभ्राच्छादित दिवशी काढले. मनोरा अष्टकोनी, परंतु ऊन एका बाजूने पडल्यावाचून त्याचे पैलू उठून दिसत नाहीत. त्यातून मी अर्धी चौकट पांढऱ्या आकाशाने भरली. कॅमेऱ्याने त्या उजेडाचाच हिशेब धरला व मनोरा काळ्या कागदातून कापून चिकटविल्यासारखा आला. मुलांनी त्याचे नाव ‘जळकी मेणबत्ती’ असे ठेवले, ते घरात अजून चालते.

बारामती-इंदापूरकडे समुद्र कोठला? तथापि दीपगृहासारखे पाण्यातून डोके काढणारे एक शिखर आमच्याकडेही आहे. ते पळसदेवच्या पळसनाथाचे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले, जुने पळसदेव पाण्याखाली गेले आणि ग्रामस्थ वर येऊन वसले. देऊळ तेथेच राहिले. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ अब्ज, मृतसाठा. पाणी त्यातही खोल उतरले म्हणजे देऊळ उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात तसे झाले.

आमच्या आत्याबाईंचे सासर जुन्या पळसदेवचे. वय शहाऐंशी, गुडघे अधू. “एवढे देवळाचे चित्र आणून दे रे,” असे त्या म्हणाल्या, म्हणून जूनच्या आरंभी मी बारामतीहून निघालो. पोहोचतो तो आभाळ भरून आलेले. होडीवाला नेण्यास तयार होता. परंतु २१ मे रोजीच कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले होते. वारा सुटलेला पाहून मी नको म्हटले. मनातून हळहळलो, हे खरे.

मग काठावरच्या उंचवट्यावर उभा राहिलो, म्हणजे शिखरामागे आकाशाऐवजी पलीकडचे पाणी आले. उजेडाचे माप शिखराच्या अंगावरून घेतले. ढगांखाली मोठा आकार सपाट दिसतो खरा, पण सावल्या मऊ राहत असल्याने बारकावे हरवत नाहीत. कोरीव काम, भेगा, गाळाने चढविलेली पुटे सारे स्पष्ट उमटले. भर उन्हात त्यातले निम्मे काळोखात गेले असते.

आत्याबाईंनी चित्र हातात घेतले, शिखराला नमस्कार केला. मग चष्मा पुसून त्या देवळाच्या डावीकडच्या करड्या पाण्यावर बोट फिरवू लागल्या. बोट कागदाच्या कडेशी येऊन थांबले.

“थोडे इकडचे का रे घेतले नाहीस? येथून पुढेच आमचे घर.”

शिखर मधोमध यावे म्हणून ती बाजू मीच छाटली होती. मूळ चित्र सुदैवाने कॅमेऱ्यात होते. ते सबंध छापवून आणले. वाढलेल्या भागात पाण्याखेरीज काहीही नाही. आत्याबाईंनी तेच उशाशी ठेवले आहे.