तरुणांचे मानसिक उपचार आणि वर्णभेद

१९६० व १९७० च्या दशकांत आपल्या बेटावरील पुष्कळ तरुण-तरुणी परिचारिकेचे शिक्षण घेण्यास ब्रिटनला गेले. त्यांपैकी अनेकांनी तेथील मनोरुग्णालयांत सेवा केली. त्यांची नातवंडे आज तिकडे वाढत आहेत. म्हणून त्या देशातील तरुणांच्या मानसिक उपचारांत आढळणारा वर्णभेद हा परक्यांचा प्रश्न आहे, असे आम्ही मानीत नाही.

२०१० साली लंडनमध्ये ओलासेनी लुईस या २३ वर्षांच्या कृष्णवर्णीय पदवीधराचे मन अचानक बिघडले. आईवडिलांनी मदत शोधली, आणि बेथलेम रॉयल रुग्णालयात तो स्वखुशीने दाखल झाला. तेथेच ११ पोलिसांनी त्याला दाबून धरले. तो कोसळला व काही दिवसांत वारला. २०१७ साली ज्यूरीने हा बळाचा वापर अवाजवी ठरविला. मातापित्यांच्या झुंजीमुळे २०१८ मध्ये मनोरुग्णालयांतील बळाच्या वापरावर नियंत्रण आणणारा कायदा झाला.

तरीही अंतर मिटलेले नाही. मार्च २०२३ अखेरच्या वर्षात इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने डांबण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या सुमारे साडेतीन पट होते. हा आकडा सर्व वयांचा आहे. पण भेदाची सुरुवात बालपणीच होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार, गोऱ्या मुलांच्या तुलनेत कृष्णवर्णीय व आशियाई मुले मानसोपचारांकडे घरच्या डॉक्टरांमार्फत कमी येतात. शाळा, समाजकल्याण खाते किंवा बालगुन्हेगारी यंत्रणा यांच्यामार्फत अधिक येतात. ‘आशियाई’ या शब्दात आपलीही मुले आली.

असे का व्हावे? गोऱ्या मुलाचा त्रागा दुःख समजला जातो, काळ्या मुलाचा त्रागा धोका ठरतो. त्यामुळे कुटुंबे रुग्णालयाला भितात व उशिरा जातात. तोवर आजार बळावतो, मग सक्ती होते, आणि सक्ती पाहून भीती आणखी वाढते. सेन्सबरी सेंटर या संस्थेने २००२ सालीच हे भीतीचे चक्र दाखवून दिले होते.

ते मोडण्याची पहिली जबाबदारी सरकारची व डॉक्टरांची आहे. परंतु आपल्या घरांतही ‘लोक काय म्हणतील’ या लाजेने उशीर होतो. मूल झोपेनासे झाले, अबोल झाले, तर वेळीच डॉक्टरांकडे न्यावे. तेथे दाद न मिळाल्यास पुन्हा जावे, हक्काने विचारावे. परदेशी असलेल्या आप्तांनाही हे जरूर कळवावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे.