नियम जिनिव्हाचे, कापूस हिंगणघाटचा

हिंगणघाटला सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर ग्रेडर कापसाच्या गाडीत मीटर खुपसतो. ओलावा आठ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण हमीभाव. त्यापुढे टक्क्यामागे एक टक्का कपात, आणि बारा ओलांडले की गाडी परत. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये, म्हणजे एका टक्क्याला 81 रुपये कटतात. परतीचा पाऊस लांबला की पहिल्या वेच्याला ओल राहतेच. पण नियम म्हणजे नियम.

कापसाचे नियम जिनिव्हाच्या जागतिक व्यापार संघटनेतही आहेत. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझील 2002 साली तिथे गेला आणि 2005 साली अपिलातही जिंकला. अमेरिकेने अनुदान पुरतं सुधारलं नाही. ब्राझीलला प्रतिशुल्क लावायची परवानगी मिळाली, तेव्हा कुठे 2010 मध्ये ती वर्षाला 14 कोटी 73 लाख डॉलर द्यायला तयार झाली. 2014 साली आणखी 30 कोटी डॉलर मोजून तिने प्रकरण मिटवलं. त्या अनुदानाने जगाचे भाव पाडले आणि त्याची झळ विदर्भालाही बसली. भरपाई मात्र ब्राझीललाच मिळाली. भारत त्या खटल्यात नुसता त्रयस्थ पक्ष होता. आपण स्वतः दावा लावायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

त्याच अमेरिकेने 2018 साली भारताच्या कापूस हमीभावावर बोट ठेवलं: तुलनेसाठी भाव 1986-88 चे धरायचे आणि सरकारने खरेदी केलेला कापूस नव्हे, देशात पिकलेला सगळाच मोजायचा! भारताने हा हिशेब मानला नाही, ते योग्यच केलं. आता तर 2019 च्या डिसेंबरपासून जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळच ठप्प आहे.

पण दिल्लीला माझा प्रश्न वेगळा आहे. कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क कराराच्या चौकटीत बसत होतं. ते काढा, असा कुठलाही निवाडा नव्हता. तरी ऑगस्ट 2025 मध्ये ते उठवलं आणि सवलतीची मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमकं आपला कापूस बाजारात येण्याच्या दिवसांत. गिरण्यांना स्वस्त रुई हवी होती, हे समजतं. मग तो भार सरकारने तिजोरीतून उचलायचा होता. ऑक्टोबर ते फेब्रुवारी आयात शुल्काला हात लावणार नाही, एवढं तरी केंद्राने लेखी द्यावं, आणि आपल्या खासदाराने ते संसदेत मागावं.