भूक, मेद आणि वंध्यत्व

लठ्ठपणाने पुरुषाची प्रजननक्षमता घटते, हे विधान जव्हार-मोखाड्याविषयी कोणी केले तर ते थट्टेचे वाटावे. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हा मुलूख महाराष्ट्राला परिचित झाला. तेथील प्रश्न भुकेचा, मेदाचा नव्हे, असाच सार्वत्रिक समज आहे. परंतु भूक आणि मेद यांत वाटते तेवढे अंतर नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात, कमी वजनाच्या अर्भकांच्या अंगीही मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक आढळले. अशा मुलांच्या पोटाभोवती पुढे चरबी साठण्याचा धोका अधिक असतो. ही चरबी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे स्त्री-संप्रेरकात रूपांतर करते आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावू शकते. मातेच्या उपासमारीचे देणे असे मुलाला तारुण्यात फेडावे लागू शकते.

तरीही मूल न झाल्यास दोष पत्नीच्याच माथी मारला जातो. वस्तुतः अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणही असते. पत्नीच्या तपासण्या, औषधे आणि बुडालेली मजुरी यांपुढे वीर्यतपासणीचा खर्च नगण्य होय. म्हणून जव्हार-मोखाड्याच्या शासकीय रुग्णालयांत पुरुषाची तपासणी आरंभीच व्हावी. आणि गर्भवतींना २०१५ पासून अमृत आहार योजनेतून दिला जाणारा चौरस आहार ही दया न मानता पुढील पिढीतील गुंतवणूक मानली जावी.