पिशवी नको, प्रश्न विचारा!

संकट ओसरले, की उपकारांची मोजदाद सुरू होते. कोरोनाची साथ येऊन गेली त्याला वर्षे लोटली. पण निवडणुकीचा वारा सुटला, की "साथीत आम्ही तुमची सेवा केली" हे पालुपद शनवाऱ्यापासून लालबागेपर्यंत कानी पडल्यावाचून राहत नाही. कोणी शिधा वाटला, कोणी मुखपट्ट्या वाटल्या, कोणी औषध फवारले. झालेली सेवा आम्ही नाकारीत नाही. भुकेल्याच्या पानात पडलेल्या घासाची थट्टा करण्याइतके आम्ही कृतघ्न नाही. परंतु लोकप्रतिनिधीची सेवा आणि पेठेतील एखाद्या दानशूर व्यापाऱ्याची सेवा यांत काही भेद आहे की नाही, एवढाच आमचा सवाल आहे.

टाळेबंदी लागली आणि या गावातील यंत्रमागांचा खडखडाट थांबला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची ताप्ती मिलही मार्च २०२० मध्ये थांबली. पुढे टाळेबंदी उठली, पण गिरणी उठली नाही. अशा वेळी शेजाऱ्याने शेजाऱ्याची चूल पेटती ठेवली. त्यासाठी कोणाला निवडून जावे लागले नाही. शिध्याची पिशवी कोणीही देऊ शकतो. मात्र दवाखान्यात प्राणवायू किती, खाटा किती, डॉक्टर किती, हे सभागृहात उभे राहून सरकारला विचारण्याचा अधिकार आम्ही फक्त आमदार-खासदारांना दिला आहे. ते शस्त्र म्यानात ठेवून जो नुसती पळी हाती धरतो, त्याला आम्ही चांगला आचारी म्हणू. चांगला आमदार म्हणणार नाही!

आमचे मागणे जगावेगळे नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा लोकमान्य टिळक मुंबई कायदेमंडळाचे सभासद होते. भलेभले गाव सोडून गेले. टिळक पुण्यातच राहिले. रोग्यांसाठी इस्पितळ उघडण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि त्याच वेळी प्लेगच्या नावाखाली चाललेल्या जुलमाबद्दल 'केसरी'तून सरकारला जाब विचारला. एका हाताने रोग्याची शुश्रूषा आणि दुसऱ्या हाताने सत्तेची झाडाझडती, हा आमच्या सार्वजनिक जीवनाचा वारसा आहे.

आपल्या काळातही उदाहरण नाही असे नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पारनेरचे आमदार निलेश लंके यांनी एप्रिल २०२१ मध्ये भाळवणीस १,१०० खाटांचे उपचार केंद्र उभारले आणि रुग्णांमध्येच मुक्काम ठोकला. २०२४ साली मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठवले. त्यांच्या धडाडीस आमचा नमस्कार! पण याच चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आमदाराने वर्गणी गोळा करून खाटा मांडाव्या लागल्या, याचा अर्थ सरकारने त्या मांडल्या नव्हत्या. आमदार रुग्णांत झोपला हे त्याचे भूषण. पण त्याला तिथे झोपावे लागले, हे राज्ययंत्रणेचे दूषण आहे.

आता आपल्या मध्य प्रदेशाकडे वळू. २० मार्च २०२० रोजी कमलनाथ यांनी राजीनामा दिला. २३ मार्चला शिवराजसिंह चौहान यांचा शपथविधी झाला. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी पुकारली गेली. त्यानंतर २१ एप्रिलपर्यंत या राज्याला मुख्यमंत्र्यांखेरीज एकही मंत्री नव्हता. साथ उंबऱ्यावर उभी आणि घरात आरोग्यमंत्रीच नाही! आमदारांच्या फोडाफोडीला सवड होती, मंत्री नेमायला नव्हती. पुढे जुलैत शेजारच्या नेपानगरच्या आमदार सुमित्रा कासडेकर यांनी काँग्रेस सोडून भाजपची वाट धरली आणि भर साथीत, ३ नोव्हेंबर २०२० रोजी, नेपानगरसह राज्यातील २८ जागांसाठी पुन्हा मतदान झाले. मतदानाच्या रांगा साथीत चालल्या. पण संसदेचे त्या वर्षीचे हिवाळी अधिवेशन साथीचे कारण सांगून भरवलेच नाही. मत मागताना रोगाची भीती नाही, उत्तर देताना मात्र आहे, हा कोणता न्याय?

सीमेवरच्या माणसाला तर या साथीने दुहेरी चिमटा घेतला. ८ मे २०२० च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ थकून रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते मध्य प्रदेशाचे होते आणि गाडी मिळेल या आशेने जालन्याहून पायी भुसावळकडे निघाले होते. भुसावळ म्हणजे आमच्या शेजारचे जंक्शन! तेथून पुढची गाडी बुऱ्हाणपूरवरूनच आपल्या राज्यात शिरते. दोन राज्यांच्या कचेऱ्यांत त्या पायांची दखल कोणी घेतली? १४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत सरकारने सांगितले, की स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंची नोंदच ठेवलेली नाही. आणि त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासही गुंडाळून ठेवला होता!

पुढे मार्च २०२१ मध्ये मध्य प्रदेश सरकारने महाराष्ट्राशी बसवाहतूक बंद केली आणि बंदीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. भोपाळच्या दृष्टीने ती नकाशावरची एक रेघ. आमच्या दृष्टीने ती माहेर आणि सासर यांमधली भिंत. रावेर, भुसावळ, जळगाव यांच्याशी आमचा रोटीबेटीचा, केळीच्या व्यापाराचा आणि दुखण्याखुपण्याचाही संबंध आहे. पलीकडे सारे आलबेल होते असे आम्ही म्हणत नाही; जळगावच्या सरकारी रुग्णालयात जून २०२० मध्ये बेपत्ता झालेल्या वृद्ध रुग्ण महिलेचा मृतदेह आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला, हे आम्ही विसरलेलो नाही. साथ रोखण्यासाठी निर्बंध लागतात, हेही आम्हास मान्य आहे. पण सीमेवरच्या आजाऱ्याने कोणत्या वाटेने, कोणत्या कागदावर पलीकडे जावे, हे दोन्ही सरकारांनी एकत्र बसून आधीच ठरवायला नको होते काय?

या साथीने कोणाला सोडले? आमच्याच शहापूरचे, खंडवा मतदारसंघाचे खासदार नंदकुमारसिंह चौहान कोरोनाच्या आजारातून उठले नाहीत; २ मार्च २०२१ रोजी गुरुग्रामच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मृतीस आम्ही आदरपूर्वक अभिवादन करतो. पण त्या चितेसमोर एक प्रश्न उभा राहतो. या भागाच्या खासदाराला जर उपचारांसाठी दिल्लीच्या वेशीपर्यंत जावे लागले, तर मागावरच्या मजुराने कोठे जावे?

खासदारांच्या हाती दरसाल ५ कोटी रुपयांचा विकासनिधी असतो. ६ एप्रिल २०२० रोजी मंत्रिमंडळाने तो दोन वर्षांसाठी थांबवला आणि ७,९०० कोटी रुपये केंद्राच्या तिजोरीकडे वळवले. जिल्ह्याच्या दवाखान्याला सर्वांत निकड होती तेव्हाच जिल्ह्याच्या खासदाराचा हात रिकामा झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये निधी परतला; पण प्राणवायूवाचून गेलेले परतले नाहीत. त्यांच्याविषयीही २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत उत्तर मिळाले, की प्राणवायूअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेलेच नाही! निदान एका सभासदाने विचारले म्हणून हे उत्तर कागदावर उमटले आणि त्याचा खोटेपणा देशाने पाहिला. प्रश्नाची ताकद ती हीच.

बुऱ्हाणपूरकरांनो, पुढच्या वेळी जो कोणी साथीतल्या सेवेचा हिशेब घेऊन तुमच्या ओट्यावर येईल, त्याला पाणी द्या, बसायला घोंगडी द्या आणि शांतपणे विचारा: बाबा रे, तू सभागृहात आमच्यासाठी किती वेळा उभा राहिलास? आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या खाटांबद्दल काय विचारलेस आणि काय उत्तर मिळवलेस? पुढची साथ आली, तर सीमेपलीकडे जाणाऱ्या आजाऱ्यासाठी कोणता करार करून ठेवलास? उत्तर असेल तर त्याला खांद्यावर घ्या. नसेल तर त्याची पिशवी त्याच्याच हाती परत द्या. साथ पुन्हा येईल तेव्हा कामास येणार आहे तो तुमचा जाब. त्याचा शिधा नव्हे!