कार्ड गावात, अंगठा वरूडात

आंबिया बहाराची संत्री तोडायला मध्य प्रदेशातून मजूर वरूडला येतात, तेव्हा रेशनकार्ड बहुधा घरीच राहतं. राहू द्या. ऑगस्ट 2019मध्ये महाराष्ट्र-गुजरातेत सुरू झालेली, गावाबाहेरही रेशन घेण्याची सोय आता देशभर आहे. कार्डाचा किंवा आधारचा नंबर सांगायचा, ई-पॉसवर अंगठा द्यायचा. प्राधान्य कुटुंबाचं माणशी 5 किलो धान्य इथल्याही दुकानात फुकट मिळतं. थोडं इथं उचला, उरलेलं गावी म्हातारी उचलेल. त्यासाठी नाव कापून आणायची गरज नाही. अडचण अंगठ्याचीच: काम करून घासलेली बोटं मशीन ओळखत नाही, आणि योजना आखणाऱ्यांची बोटं मऊ असतात! दुकानदारानं ‘बाहेरचं कार्ड चालत नाही’ म्हटलं, तर त्याच्यासमोरच 14445 लावा.